पैसे मोजून हमाली

इंग्रज माणसाला आयतं सुख मानवत नाही. त्याला समुद्रकिनाऱ्यावर आडवं करा, तासाभरात उठून तो वाळूत खड्डा खणायला लागेल. त्याला बाग द्या, तो गुडघ्यांखाली उशी घेऊन दिवसभर तण उपटत बसेल आणि संध्याकाळी म्हणेल, आज कसं अगदी मोकळं वाटलं. पण या स्वभावाची खरी कमाल पाहायची तर त्याच्या कालव्यांवर जायला हवं. दीड-दोनशे वर्षांपूर्वी ज्या कामाला माणसं पोटासाठी जुंपली जात आणि शिव्या घालत ते उरकत, तेच काम आज निवृत्त हेडमास्तर, हिशेबनीस आणि दंतवैद्य आठवड्याला हजारावर पौंड भरून करतात. वर निघताना शेजाऱ्यांना सांगून जातात की आम्ही जरा आराम करायला चाललोय.

माझा मेहुणा कॉव्हेंट्रीला बरीच वर्षं आहे. आधी तो चहात साखर कमी घेऊ लागला, मग हवामानाबद्दल गंभीरपणे बोलू लागला, आणि काही वर्षांपूर्वी त्याचा फोन आला. "भाऊजी, या वेळी तुम्ही आणि ताई आलात की आपण नॅरोबोट घेऊ. ऑक्सफर्ड कालवा. एकदम निवांत. काही करायचंच नाही." मी त्याच्यावर विश्वास ठेवला, कारण तो लहानपणापासून खरं बोलणारा मुलगा म्हणून घरात प्रसिद्ध होता.

नॅरोबोट म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. लांबी साधारण सतरा-अठरा मीटर, काहींची एकवीसच्याही पुढे. रुंदी मात्र सहा फूट दहा इंच. जुन्या वाड्यातला बोळ उचलून पाण्यावर ठेवावा आणि वाडा तिथेच विसरून यावं, असा एकूण प्रकार. त्या बोळातच एकामागून एक बैठक, ओटा, न्हाणी आणि निजायची जागा. पुढच्या टोकाला चष्मा राहिला आणि माणूस मागच्या टोकाला असला, तर चष्मा येईपर्यंत घरातल्या प्रत्येकाला एकदा भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. नवरा-बायकोचं भांडण झालं तर रागाने दुसऱ्या खोलीत निघून जाता येतं, पण जाताना ज्याच्याशी भांडण झालं त्यालाच "जरा सरकता का?" असं विचारावं लागतं. त्यामुळे कालव्यावरची भांडणं लवकर मिटतात, नाहीतर बोट लवकर विकली जाते.

या सहा फूट दहा इंचांना एक गृहस्थ जबाबदार आहेत. त्यांचं नाव जेम्स ब्रिंडली. अठराव्या शतकातला हा गिरण्यांची चाकं दुरुस्त करणारा कारागीर, लिहिण्या-वाचण्याच्या बाबतीत जेमतेम. कामात अडचण आली की तो म्हणे अंथरुणावर जाऊन पडायचा आणि उत्तर सापडलं की एक-दोन दिवसांनी उठायचा. या पद्धतीने विचार करणारी माणसं आपल्याकडेही घरटी एक असतात. उत्तर घेऊन उठणारी कमी. इंग्लंडच्या मध्यभागातून कालवे खणताना विटांचा आणि पाण्याचा खर्च वाचावा म्हणून ब्रिंडलीने लॉक, म्हणजे बोट वरखाली नेणारे पाण्याचे हौद, सुमारे सात फूट रुंदीची ठेवली, आणि त्या लॉकमधून जायची म्हणून बोट त्याहून दोन इंचांनी बारीक झाली. ब्रिंडली १७७२ मध्ये वारला. माणसं अजून एकमेकांना "सरकता का" विचारताहेत.

त्याला पहिलं मोठं काम दिलं ते ब्रिजवॉटरच्या तिसऱ्या ड्यूकने. या ड्यूकचं एका सुंदर, विधवा सरदारपत्नीशी ठरलेलं लग्न मोडलं. आपल्याकडे अशा प्रसंगी माणूस गझलेकडे वळतो आणि मित्रमंडळींना ते सोसावं लागतं. ड्यूक कालव्याकडे वळला. त्याच्या वर्स्लीच्या कोळसाखाणीपासून मँचेस्टरच्या दिशेने त्याने कालवा खणून घेतला, आयुष्यभर लग्न केलं नाही, आणि १७६१ मध्ये कालवा सुरू झाल्यावर मँचेस्टरमध्ये कोळशाचा भाव निम्म्यावर आला. प्रेमभंगाचा जनतेला इतका फायदा इतिहासात क्वचितच झाला असेल. पुढे जोसाया वेजवुडने हीच वाट धरली. हा स्टॅफर्डशरचा चिनी मातीच्या भांड्यांचा कारखानदार. खड्ड्यांच्या रस्त्याने भांडी पाठवली की ग्राहकाच्या हाती ठिकऱ्या पडत. म्हणून ट्रेंट आणि मर्सी या नद्या जोडणाऱ्या कालव्याचा त्याने पाठपुरावा केला आणि १७७७ मध्ये तो पुरा झाला. खड्ड्यांवर उपाय म्हणून रस्ताच सोडून द्यायचा, ही कल्पना आपल्या महापालिकांनी अर्धी उचललेली दिसते. पावसाळ्यात रस्त्याचा कालवा त्या वेळेवर करून देतात, फक्त बोटी यायच्या बाकी आहेत.

मराठी माणसाला हा कालवा पचायला जड जातो, याचं कारण मात्र वेगळं. आपला कालवा शेतासाठी असतो. खडकवासल्यातून, जायकवाडीतून आवर्तन सुटलं की पेपरात पहिल्या पानावर बातमी येते. पाणी कुठल्या तालुक्याने अडवलं यावरून दोन आमदार एकमेकांचं तोंड बघत नाहीत. इंग्लंडचा कालवा कुणाच्याही उसाला जात नाही. त्यातलं पाणी फक्त बोट तरंगावी म्हणून आहे. एक बोट एका लॉकमधून जाते तेव्हा लाखभर लिटरहून जास्त पाणी वरच्या पातळीवरून खालच्या पातळीवर जातं. माझी बायको मूळची लातूरकडची. पहिल्या लॉकचा दरवाजा उघडताना हा आकडा तिने ऐकला आणि तिचा चेहरा पडला. "चार माणसांना चहा पीत पुढे जायचं म्हणून?" तिने विचारलं. मेहुणा म्हणाला, "ताई, समोरून दुसरी बोट येत असेल तर तेच पाणी तिच्याही कामी येतं." हा मुद्दा तिला पटला नाही, पण पुढचे सगळे दिवस समोरून एखादी बोट येतेय का, याकडे तिचं बारीक लक्ष होतं. तयार लॉक वाया जाऊ नये म्हणून तिने थोपवून धरलेल्या इंग्रज नावाड्यांना ही बाई कालवा खात्याचीच असावी असं वाटलं असणार, कारण ते निमूट थांबत.

बोट ताब्यात देताना कंपनीच्या पोराने अर्धा तास सूचना दिल्या. स्कूटरला परवाना लागतो, मासे धरायला परवाना लागतो, पण पंधरा टन पोलाद भाड्याने घेऊन सार्वजनिक कालव्यात सोडायला काहीही लागत नाही. बोटीला ब्रेक नाही. वळवायला चाक नाही, मागे टिलर नावाचा एक लोखंडी दांडा आहे. तो डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे जाते. लगेच नाही. आधी ती विचार करते. तेवढ्यात आपण घाबरून दांडा उलटा ढकलतो, आणि मग बोट आधीच्या आज्ञेचं पालन सुरू करते. शिवाय जो देश अर्ध्या जगाशी भांडून रस्त्यावर डावीकडून गाडी चालवतो, तो कालव्यात मात्र उजवीकडून जातो. मेहुण्याच्या बायकोने याचं कारण विचारलं तेव्हा त्या पोराने, "तसंच आहे," असं सांगितलं. इंग्लंडमधल्या बहुतेक संस्था याच उत्तरावर उभ्या आहेत.

वेगमर्यादा ताशी चार मैल, म्हणजे सुमारे साडेसहा किलोमीटर. प्रत्यक्षात तेवढाही वेग होत नाही, कारण काठाला बांधलेल्या बोटींजवळून जाताना इंजिन अगदी मंद करावं लागतं. नाहीतर आपल्या ओढीने त्यांच्या मेखा जमिनीतून निघतात आणि खिडकीतून एक पांढरी दाढी बाहेर येऊन "हळू!" असं ओरडते. ताशी तीन मैल वेगाने जाणाऱ्या माणसाला हळू जा म्हणून दटावलं जाणारी ही जगातली बहुधा एकमेव जागा असावी. काठाच्या पायवाटेवरून कुत्री फिरवायला निघालेली माणसं आपल्याला मागे टाकतात. कुत्रं वाटेत थांबतं, हुंगतं, आपलं काम उरकतं आणि तरी पुढे जातं.

अंतराचा हिशेबही वेगळा. एक लॉक म्हणजे एक मैल धरायचं, लॉक आणि मैल यांची बेरीज करायची आणि तिला तीनने भागायचं. जे उत्तर येईल तितके तास. या हिशेबाने मेहुण्याने एका वहीत रकाने आखले होते. आम्ही निघालो त्या नॅप्टनहून ऑक्सफर्ड गाडीने तासाभराचा रस्ता, कालव्याने जवळपास पन्नास मैल. वहीत त्याचे जेवढे दिवस झाले तेवढ्यात मुंबईहून लंडनला जाऊन परत आलो असतो आणि पुन्हा गेलो असतो.

त्यात ऑक्सफर्ड कालवा हा मुळातच वाकडा. डोंगर फोडायचे नाहीत, उंचीची एकच रेघ धरून टेकड्यांना वळसे घालत जायचं, ही ब्रिंडलीची पद्धत. खर्च कमी, शिवाय वाटेतल्या प्रत्येक गावाला माल पोचतो. नॅप्टनच्या टेकडीवर एक पवनचक्की आहे. सकाळी ती समोर होती. चहा झाला तेव्हा उजवीकडे होती. पोहे झाले तेव्हा मागे गेली, आणि आता सुटलो म्हणेपर्यंत पुन्हा बाजूला येऊन उभी. वर चढून गेल्यावर तर अकरा मैलांचा सपाट पट्टा लागतो, तो वर्मलेटन गावाच्या टेकडीभोवती तीन बाजूंनी फिरतो. पुढे फेनी कॉम्प्टनचा बोगदा आहे. म्हणजे होता. एकोणिसाव्या शतकातच त्याचं छप्पर काढून टाकलं. आता तिथे वर आकाश आणि दोन्ही बाजूंना झाडी आहे, पण लोक त्याला बोगदाच म्हणतात. मेहुण्यानेही तिथे हेडलाइट लावला. सवयीने की आदराने, ते कळलं नाही.

नॅप्टनला नऊ लॉक ओळीने चढावी लागतात. लॉक म्हणजे दोन्ही टोकांना दारं असलेला विटांचा खोल हौद. बोट खालच्या दाराने आत घ्यायची, दार लावायचं, विंडलास नावाच्या वाकड्या लोखंडी किल्लीने वरच्या बाजूच्या झडपा कट्‌कट्‌ करत उचलायच्या. वरचं पाणी आत येतं, बोट वर येते, दोन्हीकडचं पाणी एका पातळीला आलं की वरचं दार उघडायचं. त्याआधी ते तसूभरही हलत नाही. पैलवान लावा, शिव्या द्या, उपयोग नाही. पाणी सारखं झालं की मात्र एखादी आजीबाई दाराच्या लांबलचक ओंडक्याला पाठ टेकवून मागे मागे चालत जाते आणि टनावारी लाकूड हलतं. पाठ हा सभ्य शब्द झाला. ओंडका ज्या अवयवाने ढकलतात तो थोडा खाली असतो, आणि त्या बाबतीत लॉर्ड आणि प्लंबर यांच्यात कालव्यावर कसलाही भेद नाही.

ढकलणारा आणि उभा राहणारा यांच्यात मात्र भेद आहे, आणि तो जुना आहे. बोटीमागून बोट बघा. नवरा टिलर धरून, टोपी घालून, दूरवर नजर लावून उभा. बायको काठावर किल्ली घेऊन झडपा उचलतेय, दार ढकलतेय, पुन्हा पळत जाऊन मागचं दार लावतेय. ती धापा टाकत परत आली की तो गंभीरपणे म्हणतो, छान. आमच्या बोटीवर तिसऱ्या लॉकपर्यंत हीच व्यवस्था होती. चौथ्या लॉकशी माझ्या बायकोने किल्ली मेहुण्याच्या हातात दिली. "आता तू ढकल. मी दांडा धरते." "ताई, त्याला जरा अंदाज लागतो गं." "मी अडतीस वर्षं याला चालवलंय," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "डावीकडे ढकललं की उजवीकडे जातो, तेही उशिरा." बोट दोन इंचांच्या फटीतून दोन्ही भिंतींना न लागता आत गेली. काठावर दोन म्हातारे उभे होते. काही न करता नुसत्या बोटी बघत उभं राहणाऱ्यांना तिकडे गोंगूझलर म्हणतात. त्या दोघांनी हातातली सँडविचं बाजूला ठेवून टाळ्या वाजवल्या.

याच लॉकच्या शेजारच्या शेतात तिला म्हशी दिसल्या. हरणासारखं काही असेल म्हणून मी दुर्लक्ष केलं होतं. "अहो, म्हशी!" ती ओरडली, आणि खरोखरच, वॉरिकशरच्या हिरव्यागार कुरणात, पवनचक्कीच्या खाली, शिंगं मागे वळलेल्या काळ्याभोर म्हशी रवंथ करत उभ्या होत्या. एका शेतकऱ्याने तिथे त्या पाळल्या होत्या आणि कालव्यावरच्या लोकांत त्या चांगल्याच प्रसिद्ध होत्या. इंग्रज प्रवासी त्यांचे फोटो काढत होते, आम्ही इंग्रजांचे. संपूर्ण प्रवासात आमच्याकडे कुणी "तुम्ही मूळचे कुठले?" या नजरेने पाहिलं नाही, पण त्या म्हशी मात्र पाहत होत्या.

गर्दीच्या दिवसात लॉकशी बोटींची रांग लागते आणि इंग्रज माणूस रांगेत जितका खुलतो तितका मेजवानीतही खुलत नाही. सगळे एकमेकांचे दरवाजे लावतात, दोऱ्या धरतात. कुणाचं तयार लॉक मध्येच घुसून पळवणं हे इथलं महापाप. ते केलं तर कुणी भांडत नाही. "काय सुंदर सकाळ आहे, नाही?" एवढंच म्हणतात, पण अशा आवाजात म्हणतात की पापी माणूस पुढच्या गावापर्यंत मान वर करत नाही.

या सगळ्याला मजा म्हणण्याआधी जुने दिवस आठवायला हवेत. बोट तेव्हा घोडा ओढायचा. जुन्या पुलांच्या कमानींवर लोखंडी पट्ट्या आहेत, त्यांत दोरीने घासून घासून बोटभर खोल खाचा पडल्यात. बोटीच्या बहुतेक लांबीत कोळसा किंवा माल. मागे तीनेक मीटरची खोली, त्यात नवरा, बायको आणि मुलं जितकी होतील तितकी. त्या खोलीच्या दारावर गुलाबाची फुलं आणि किल्ले रंगवायची पद्धत होती. ज्यांना किल्ला सोडाच, अंगणही नव्हतं, त्यांनी तो दारावर काढून घेतला. बोगद्यात घोड्याची वाट नसली की घोडा डोंगरावरून न्यायचा आणि माणसांनी फळीवर उताणं पडून, बोगद्याच्या भिंतींवर पाय मारत बोट पुढे सरकवायची. हेअरकॅसलचा बोगदा अडीच किलोमीटरहून लांब आहे. ते अंतर आकाशाकडे, म्हणजे विटांकडे, बघत, अंधारात, भिंतीवर चालत. आज अशा बोगद्याशी स्वयंसेवक बोटीचा भोंगा तपासतात आणि आत जाताना बाहेर डोकं काढू नका सांगतात, आणि आतून बाहेर आलेली माणसं साहस केल्यासारखी फोटो काढतात.

मग रेल्वे आली. ती पुढे १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यालाही गेली, पण त्याआधी तिने घरातच कालव्यांचा जीव घेतला होता. एकोणिसशे बासष्ट-त्रेसष्टच्या हिवाळ्यात कालवे महिनोन्‌महिने गोठले आणि उरलीसुरली मालवाहतूकही जवळजवळ संपली. खरं तर इथे गोष्ट संपायची. पण टॉम रोल्ट नावाच्या इंजिनिअरने १९३९ मध्ये बॅनबरीच्या गोदीत एक जुनी बोट नीट करून घेतली होती आणि तिच्यात संसार थाटला होता. त्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९४४ मध्ये निघालं, ते वाचून लोक हळहळले, आणि १९४६ मध्ये कालवे वाचवणारी संघटना उभी राहिली. आपल्याकडे हळहळल्यावर माणूस घरी जातो. इंग्रज फावडं घेऊन आला.

आणि अजून येतोच आहे. गाळाने भरलेले, झाडं उगवलेले जुने कालवे खणून काढण्यासाठी तिकडे उन्हाळ्यात शिबिरं भरतात. डॉक्टर, शिक्षिका, कॉलेजची पोरं आठवडाभर चिखलात उभं राहून विटा काढतात, फावड्याने गाळ उपसतात, रात्री गावातल्या एखाद्या सभागृहात जमिनीवर झोपतात, आणि या सुखासाठी राहण्या-जेवणाचे पैसे स्वतः भरतात. मी हे ऐकलं तेव्हा मेहुण्याला विचारलं, "यांना कुणी शिक्षा केली आहे का?" तो म्हणाला, "भाऊजी, वेटिंग लिस्ट असते." हडर्सफील्डचा १९४४ मध्ये बंद झालेला कालवा अशाच चिकाटीने २००१ मध्ये पुन्हा सुरू झाला. आता तीन हजारांवर किलोमीटरचे जलमार्ग एक धर्मादाय संस्था सांभाळते. तिच्या निळ्या सदऱ्यातले स्वयंसेवकही सत्तरीचेच. लॉकशी येतात, तुमची किल्ली अदबीने हातातून काढून घेतात आणि कामाला लागतात. इंग्लंडमध्ये कालव्यावर काम मिळवायचं तर हल्ली स्पर्धा फार आहे.

ज्यांना हे सगळं गमतीचं वाटत नाही अशीही माणसं कालव्यावर राहतात. लंडनचं घरभाडं झेपत नाही म्हणून बोटीत आलेली. कायमची जागा नसेल तर १९९५ च्या कायद्याप्रमाणे एका ठिकाणी चौदा दिवसांहून जास्त थांबता येत नाही. मग शाळेतलं मूल आणि नोकरी सांभाळत बिऱ्हाड पुढे सरकवायचं, जानेवारीत बर्फ फोडून. त्यांच्याशी बोलताना मेहुणा सुट्टीबद्दल काही बोलला नाही, आणि ते बरंच केलं.

दोन्ही जातींना एकत्र आणणारा विषय एकच: संडास. कालव्यावर राजकारण, धर्म, क्रिकेट काहीही नाही, फक्त हे. कॅसेटवाले आणि टाकीवाले असे दोन पंथ आहेत. कॅसेटवाल्याच्या संडासाखाली सुटकेससारखी पेटी असते, ती भरली की हातात धरून ठरावीक जागी जाऊन रिकामी करायची. टाकीवाल्याच्या बोटीखाली मोठी टाकी, ती महिन्या-दोन महिन्यांनी पंपाने उपसायची, पैसे देऊन. पहिला म्हणतो, मी स्वतंत्र आहे. दुसरा म्हणतो, मी सुसंस्कृत आहे. पाऊण तास हे संभाषण, हातात वाइनचा पेला, शेजारी पाण्यावर बदकं. आमची बोट टाकीवाली होती हे कळल्यावर एका कॅसेटवाल्या गृहस्थांनी माझ्याकडे इतक्या करुणेने पाहिलं की मला काही गमावल्यासारखं वाटलं.

क्रॉप्रेडीला मेहुण्याच्या बायकोने वरण-भाताचा बेत केला. बोटीत गॅसच्या धुराची धास्ती असते, म्हणून हल्ली विषारी वायूची सूचना देणारी घंटा सक्तीची आहे, जोडीला धुराची वेगळी. हिंगमोहरीची फोडणी पडली आणि मिरची तडतडताच धुराची घंटा सुरू झाली. पुढच्या आणि मागच्या बोटींतून माणसं बाहेर आली, एकाकडे अग्निशामक नळकांडं, दुसरीकडे घोंगडी. सगळं ठीक आहे, हे फक्त जेवण आहे, असं सांगितल्यावर ती दोघं परत गेली नाहीत. थोडा वेळ नुसतीच थांबली. मग वरण चौघांऐवजी सहांना पुरवावं लागलं. नळकांडं दारात ठेवूनच ते जेवले.

बॅनबरीला रोल्टची ती गोदी अजून आहे, पण भोवती एक चकचकीत मॉल उभा राहिलाय. माणसं पिशव्या घेऊन काचेमागून जातात आणि खाली कुणी हातोड्याने पोलाद ठोकतंय. पुढे एन्हो, थ्रप, आणि ड्यूक्स कट नावाच्या छोट्याशा वाटेने आम्ही कालवा सोडून टेम्समध्ये शिरलो. त्याआधी मेहुण्याने नांगर तयार ठेवला, सगळ्यांना लाइफ जॅकेटं घालायला लावली. नदी रुंद, नदीला ओढ, नदीत राजाचे हंस. खरोखर राजाचे: खुल्या पाण्यातल्या खूण नसलेल्या हंसांवर त्याचा हक्क असतो, आणि दरवर्षी जुलैमध्ये गणवेशातली माणसं होड्यांतून जाऊन ते मोजतात. जनगणना वेळेवर व्हावी असं वाटणाऱ्याने इंग्लंडमध्ये हंस व्हावं.

पण टेम्सच्या लॉकना रखवालदार असतात. पहिल्याच लॉकशी पांढऱ्या सदऱ्यातला एक प्रसन्न माणूस आला, दोरी अडकवा म्हणाला, आणि बाकी सगळं त्याने एकट्याने केलं. मेहुणा किल्ली हातात घेऊन काठावर उडी मारून उभा होता. त्याने विचारलं, "मी काही?" रखवालदार म्हणाला, "तुम्ही आराम करा, साहेब." मेहुणा बोटीवर परत आला आणि छपरावर बसून राहिला. त्याची बायको म्हणाली, भूक लागली असेल. भूक नव्हती.

मागून एक इंग्रज जोडपं आपल्या बोटीत येत होतं, कालव्यापासून आमच्याबरोबरच. बाईंनी आम्हाला हात केला आणि खांदे उडवले. "नदी सुंदर आहे," त्या म्हणाल्या, "पण इथे काही करायलाच नाही."

गॉडस्टोला पोचायला उशीर झाला. रखवालदार घरी गेला होता आणि लॉकशी 'स्वतः चालवा' अशी पाटी लावलेली होती. ती वाचताच मेहुणा उठला. मागच्या बोटीवरचे आजोबाही उठले, बाईही उठल्या. दोन्ही बोटींतून किल्ल्या घेऊन माणसं काठावर उतरली. पण गॉडस्टोचं लॉक यंत्रावर चालतं. तिथे ढकलायला ओंडके नाहीत, उचलायला झडपा नाहीत. दोन्ही टोकांना एकेक पेटी आणि तिच्यावर बटणं. मेहुण्याने सूचना दोनदा वाचल्या, किल्ली पट्ट्यात खोचली, पाय फाकवून उभा राहिला आणि पहिलं बटण दोन्ही हातांनी दाबलं. पाणी सरसर आत येऊ लागलं. आजोबा त्याच्या शेजारी येऊन थोडा वेळ पाहत राहिले. मग घसा खाकरून, अगदी संकोचाने, त्यांनी विचारलं, "तुमची काही हरकत नसेल तर... पलीकडच्या टोकाचं बटण मी दाबू का?"